दोन्ही ‘फुल एचडी’, मग एकाच लॅपटॉपवर फोटो फिके का?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: दिवसभर मराठी मजकुराची अक्षरजुळणी आणि मुद्रितशोधन, संध्याकाळी मुलीचे फोटो-संपादन, आणि टेबल गॅलरीच्या काचेच्या दाराला लागून. समोर तीन लॅपटॉप आहेत. पहिला १५.६ इंची, १९२० × १०८० पिक्सेलचा. दुसरा १४ इंची, १९२० × १२०० चा आणि बारा हजारांनी महाग. तिसरा १४ इंची, २८८० × १८०० चा ओएलईडी (ज्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो असा पडदा), त्याहूनही महाग. पहिल्या दोघांचा पडदा ‘सारखाच, दोन्ही फुल एचडी’ आहे, फरक हवा असेल तर तिसरा घ्या, असे विक्रेत्याने आपल्याला सांगितले. पण दुकानात तोच फोटो पहिल्यावर फिका आणि दुसऱ्यावर भरलेला दिसला, म्हणून आपण बुचकळ्यात पडलात. छापखान्यांचे आणि छायाचित्रकारांचे पडदे मोजून त्यांचे रंग जुळवून देणे हा माझा व्यवसाय आहे. त्या अनुभवावरून सांगतो की या तिघांतली सर्वांत मोठी दरी पहिल्या आणि दुसऱ्यामध्येच आहे; दुसऱ्या-तिसऱ्यातला फरक खरा असला तरी तो आपल्या टेबलावरच्या दिवसाच्या उजेडात बराचसा बुजून जाईल.

आधी रिझोल्यूशनचा हिशेब संपवून टाकू, कारण तो सोपा आहे. महत्त्वाचे आहे ते एका इंचात किती पिक्सेल बसतात हे. पहिल्या लॅपटॉपवर ते १४१ आहेत, दुसऱ्यावर १६२, तिसऱ्यावर सुमारे २४३. निरोगी डोळ्याला साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा ओळखता येतो. ५५ सेंटिमीटर अंतरावरून त्याचा अर्थ इंचाला १६० पिक्सेलच्या आसपास होतो. म्हणजे दुसरा पडदा त्या मर्यादेला टेकलेला आहे, पहिला तिच्या थोडा अलीकडे आहे, तर तिसरा तिच्या बराच पलीकडे. मर्यादेच्या पलीकडेही अक्षरांच्या कडा अधिक गुळगुळीत होतात, आणि देवनागरीत तो फायदा रोमन लिपीपेक्षा जास्त जाणवतो हे मान्य केले पाहिजे. शिरोरेषेच्या वर रफार आणि अनुस्वार, खाली उकार, आणि मध्ये ‘ष्ट्र’ किंवा ‘द्ध्य’ यांसारखी जोडाक्षरे एवढे सगळे थोड्या पिक्सेलांत बसवायचे असते. मुद्रितशोधनात पहिला उकार की दुसरा हे नजरेच्या एका फटक्यात ओळखू येणे ही चैनीची बाब नसून कामाची गरज आहे. तरीही १४१ वरून १६२ वर गेल्यावर जो दिलासा मिळतो तो १६२ वरून २४३ वर गेल्यावर तेवढा मिळत नाही. शिवाय दुसऱ्या पडद्यावर १२० ओळी जास्त आहेत, आणि पानाच्या पानांवर काम करणाऱ्याला उभी जागा आडव्या जागेपेक्षा नेहमीच जास्त उपयोगी पडते.

आता खऱ्या मुद्द्याकडे येतो. माहितीपत्रकात सहसा अगदी शेवटी लिहिलेला ‘२५० निट’ किंवा ‘४०० निट’ हा आकडा, म्हणजे पडद्याच्या उजळपणाचे माप, मी सर्वांत आधी पाहतो. रात्री बंद खोलीत १०० ते १२० निट पुरतात, त्यामुळे २५० ऐकायला भरपूर वाटतात. परंतु पडद्याची लढाई असते ती खोलीतल्या उजेडाशी. पडद्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग विखरून परत आपल्याच डोळ्यांत येतो, आणि तो पडद्यावरच्या काळ्या भागावर राखाडी थर चढवतो. हा भाग २ टक्के आहे असे धरून हिशेब करून पाहा. खिडकीशेजारच्या टेबलावर २००० लक्स उजेड असेल तर त्या थराची तेजस्विता जवळजवळ १३ निट होते. पहिल्या, २५० निटांच्या पडद्याचा कागदावरचा कॉन्ट्रास्ट (सर्वांत उजळ पांढरा आणि सर्वांत गडद काळा यांचे प्रमाण) १००० : १ असला, म्हणजे त्याचा काळा रंग फक्त पाव निटचा असला, तरी त्या पाव निटावर हे १३ निट चढतात आणि प्रत्यक्ष डोळ्यांपर्यंत पोचणारा कॉन्ट्रास्ट २० : १ च्या आसपास उरतो. ४०० निटांच्या पडद्यावर तोच सुमारे ३१ : १ होतो. आणि ज्याचा कॉन्ट्रास्ट ‘अनंत’ म्हणून जाहिरातीत मिरवला जातो, त्या ओएलईडीचे काय? तोही ४०० निटांचा असेल तर याच हिशेबाने तो ३२ : १ वर थांबतो. दिवसाउजेडी दारापाशी बसणाऱ्याने अनंत कॉन्ट्रास्टसाठी पैसे मोजावेत का, याचे उत्तर या एका आकड्यात आहे.

याला जोडूनच पडद्याच्या पृष्ठभागाचा विचार करावा लागतो. मॅट पडदा प्रकाश विखुरतो, त्यामुळे त्यावर धूसर झाक येते, पण आपला चेहरा किंवा मागचे दार त्यात दिसत नाही. चकचकीत पडदा विखुरतो कमी. मात्र आरशासारखे प्रतिबिंब दाखवतो, आणि बहुतेक ओएलईडी लॅपटॉप चकचकीत असतात. अंधाऱ्या खोलीत सिनेमा पाहणाऱ्याला चकचकीत पडद्याचे रंग अधिक खोल वाटतात, आणि त्याच्यापुरते ते बरोबरही आहे. पाठीमागे काचेचे दार ठेवून आठ तास मजकूर वाचणाऱ्याला मात्र मी तो कधीच सुचवत नाही. स्वस्त मॅट थरांत पांढऱ्या पानावर बारीक चमचम दिसते, ती घेण्यापूर्वी पाहून घ्यावी. काहींना ती अजिबात जाणवत नाही आणि काहींना ती दिवसभर छळते.

फोटो फिके का दिसतात, याचे उत्तर रंगांच्या व्याप्तीत, म्हणजे पडदा किती रंग दाखवू शकतो यात आहे. पहिल्या लॅपटॉपच्या माहितीपत्रकात ‘४५% एनटीएससी’ असे लिहिले असेल, आणि दुसऱ्याच्या ‘१००% एसआरजीबी’. ही दोन वेगवेगळी मापे आहेत, त्यामुळे सरळ तुलना करता येत नाही आणि ग्राहक गोंधळतो. एनटीएससी ही अमेरिकेत १९५३ साली रंगीत दूरचित्रवाणीसाठी ठरलेली रंगकक्षा, म्हणजे दाखवायच्या रंगांची ठरवून दिलेली मर्यादा. आज त्यानुसार कोणी काम करत नाही, पण पॅनेल बनवणाऱ्यांनी मोजपट्टी म्हणून ती धरून ठेवली आहे. एसआरजीबी ही १९९० च्या दशकात एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेली रंगकक्षा, आणि इंटरनेटवरचे बहुतेक फोटो आजही तिच्यातच असतात. एसआरजीबीचे क्षेत्रफळ एनटीएससीच्या सुमारे ७२ टक्के भरते, म्हणून ‘७२% एनटीएससी’ लिहिलेला पडदा साधारणपणे पूर्ण एसआरजीबी दाखवतो असे समजायला हरकत नाही. उलट ‘४५%’ म्हणजे ४५ भागिले ७२, अर्थात एसआरजीबीच्या जेमतेम ६२-६३ टक्के. लालभडक कुंकू त्या पडद्यावर विटकरी दिसते, असे मी गमतीने म्हणतो. पण लग्नाच्या अल्बमचे काम करणाऱ्यांना यात गंमत वाटत नाही. शालूचा लाल रंग त्या पडद्यावर मरगळलेला दिसतो म्हणून संपादक तो वाढवतो, आणि छापून आल्यावर तो अंगावर येतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘नंतर कॅलिब्रेट करून घेऊ’, म्हणजे उपकरणाने मोजून रंग जुळवून घेऊ, असे अनेक जण म्हणतात. कॅलिब्रेशनने पांढऱ्या रंगातली निळसर झाक काढता येते, मधल्या छटांचा उतार सरळ करता येतो, आणि जे रंग पडद्याच्या आवाक्यात आहेत ते जागेवर आणता येतात. जो लाल रंग पॅनेलच्या फिल्टरमधून बाहेरच पडत नाही तो कोणत्याही उपकरणाने किंवा सॉफ्टवेअरने आणता येत नाही. म्हणून व्याप्ती विकत घ्यावी लागते. अचूकता नंतर मिळवता येते. अचूकतेचे माप ‘डेल्टा ई’ या आकड्यात देतात: अपेक्षित रंग आणि दिसलेला रंग यांतले अंतर. सरासरी २ च्या खाली असेल तर शेजारी ठेवल्याशिवाय फरक सहसा कळत नाही, ५ च्या वर गेली तर कामाच्या माणसाला तो खटकतो.

तिसऱ्या लॅपटॉपवर उलटी अडचण संभवते. ओएलईडी पडदे बहुधा डीसीआय-पी३ ही एसआरजीबीहून सुमारे चतुर्थांशाने मोठी रंगकक्षा दाखवतात. फोटोशॉपसारखे प्रोफाइल (फोटो आणि पडदा कोणत्या रंगकक्षेचे आहेत याची नोंद) समजणारे सॉफ्टवेअर त्यावर बरोबर रंग दाखवते. पण ज्या प्रोग्रामना प्रोफाइल कळत नाही त्यांत एसआरजीबीचा साधा फोटो भडक दिसतो, त्वचा लालसर होते आणि हिरवळ अंगावर येते. दुकानात हाच भडकपणा गिऱ्हाइकाला भुरळ घालतो. असा पडदा घेतलात तर त्याच्या सेटिंगमध्ये एसआरजीबीपुरते मर्यादित राहण्याची सोय आहे की नाही हे आधी विचारा.

पॅनेल ६ बिटचे की ८ बिटचे, यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. ६ बिटमध्ये प्रत्येक मूळ रंगाच्या ६४ पायऱ्या आणि एकूण २,६२,१४४ रंग. ८ बिटमध्ये २५६ पायऱ्या आणि १ कोटी ६७ लाखांहून अधिक. स्वस्त पॅनेले दोन शेजारच्या छटा वेगाने आलटून-पालटून दाखवत मधली छटा भासवतात, आणि ते बऱ्यापैकी जमतेही. संध्याकाळच्या निरभ्र आकाशाच्या फोटोत पट्टे दिसले नाहीत तर आपले काम अडणार नाही.

जो मुद्दा माहितीपत्रकात कधीच नसतो आणि ज्याच्यामुळे लोक लॅपटॉप परत करतात तो म्हणजे लुकलुक. काही पडदे ब्राइटनेस कमी करताना प्रकाश खरोखर मंद करत नाहीत. तो वेगाने चालू-बंद करतात आणि बंद राहण्याचा काळ वाढवतात. डोळ्याला सरासरी मंद दिसते. हा वेग सेकंदाला काही हजार वेळा असेल तर सहसा कोणाला त्रास होत नाही, परंतु लॅपटॉपच्या अनेक ओएलईडी पॅनेलांत तो २४० वेळा एवढाच आढळला आहे, आणि संवेदनशील माणसाला त्याने डोळे चुरचुरणे, कपाळ जड होणे असा त्रास होऊ शकतो. प्रकाशाच्या लुकलुकीविषयी आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेच्या २०१५ च्या शिफारशीत १२५० हर्ट्झच्या (सेकंदाला १२५० वेळांच्या) वरची लुकलुक कमी जोखमीची आणि ३००० हर्ट्झच्या वरची निर्धोक मानली आहे. त्या तुलनेत २४० कुठे बसतात ते उघड आहे. तपासायची रीत सोपी आहे. पडद्यावर कोरे पांढरे पान उघडा, ब्राइटनेस तीस टक्क्यांवर आणा, मोबाइलच्या कॅमेऱ्यात प्रो मोड निवडून शटर १/२००० वर ठेवा आणि पडद्याकडे रोखा. आडवे काळे पट्टे सरकताना दिसले तर पडदा लुकलुकतो आहे. पट्टे जितके रुंद आणि गडद, तितकी लुकलुक संथ आणि खोल. काही ओएलईडी लॅपटॉपांत लुकलुक टाळून मंद करण्याची वेगळी सरकपट्टी दिलेली असते, ती वापरल्यास हा प्रश्न बराच सुटतो. मात्र तशी सोय आहे हे दुकानातच पाहून घ्यावे.

ओएलईडीबद्दल आणखी दोन गोष्टी, कारण आपले काम मजकुराचे आहे. एक म्हणजे दिवसभर तीच टूलबार आणि तोच टास्कबार एका जागी ठेवल्यास वर्षांनंतर त्यांची छाया पडद्यावर उमटण्याची शक्यता राहते. दुसरी म्हणजे त्यात प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवर बॅटरी वाचते आणि पांढऱ्या पानावर ती जास्त खर्च होते, आणि आपण तर पांढऱ्या पानावरच जगतो. रात्री दिवा घालवून सिनेमा पाहणाऱ्यासाठी मात्र या पडद्याला तोड नाही, हेही तितकेच खरे.

पडद्यावरचे चित्र सेकंदाला किती वेळा बदलते हे सांगणाऱ्या १२० किंवा १४४ हर्ट्झच्या आकड्यावर मी थोडक्यात सांगतो. १२० हर्ट्झवर एक चित्र ८.३ मिलिसेकंद टिकते. पॅनेलला एका राखाडी छटेवरून दुसरीवर जायला ३० मिलिसेकंद लागत असतील, आणि स्वस्त आयपीएसला (लॅपटॉपांतल्या नेहमीच्या एलसीडी पॅनेलच्या प्रकाराला) ते सर्रास लागतात, तर पहिले चित्र पुरते उमटायच्या आत पुढची तीन येऊन गेलेली असतात. मजकूर सरकवताना अक्षरांमागे धुरासारखी शेपूट दिसते ती यामुळेच. ओएलईडीत ही शेपूट जवळजवळ नसते. आपल्या कामाला ६० हर्ट्झ पुरेसे आहेत.

माहितीपत्रकाची भाषा वाचताना सावध राहावे. एचपीच्या माहितीपत्रकात ‘एसव्हीए’ दिसले तर ते जुन्या टीएन प्रकारचे पॅनेल आहे असे समजावे: वरून पाहिले की चित्र पांढरट, खालून पाहिले की रंग उलटे. डेलच्या ‘डब्ल्यूव्हीए’चा अर्थ बहुधा आयपीएस किंवा तत्सम. उजळ-गडद भागांतला मोठा फरक दाखवण्याची क्षमता सांगणाऱ्या ‘डिस्प्लेएचडीआर ४००’ या शिक्क्याने हुरळून जाऊ नये. त्या पायरीला पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करता येण्याची अट नाही. याच शिक्क्याच्या ‘ट्रू ब्लॅक’ या ओएलईडीसाठीच्या पायऱ्या खऱ्या अर्थाने कडक आहेत.

याहून मोठी अडचण अशी की एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या लॅपटॉपमध्ये दोन-तीन वेगवेगळ्या कारखान्यांची पॅनेले बसवलेली असतात. म्हणून लॅपटॉपचे नाव न पाहता पॅनेलचा क्रमांक पाहावा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून ‘मॉनिटर्स’खालच्या नोंदीच्या प्रॉपर्टीजमध्ये, ‘डिटेल्स’च्या पानावर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले की सात अक्षरांचा संकेत दिसतो. पहिली तीन अक्षरे कारखान्याची: एलजीडी म्हणजे एलजी डिस्प्ले, एसडीसी म्हणजे सॅमसंग डिस्प्ले, एयूओ आणि बीओई त्या-त्या नावाच्या कंपन्या, सीएमएन म्हणजे इनोलक्स. पुढची चार त्या पॅनेलची. हा संकेत घेऊन नोटबुकचेकसारख्या, लॅपटॉप मोजून परीक्षणे देणाऱ्या संकेतस्थळावर शोधले तर बहुधा त्याच पॅनेलची मोजलेली ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, रंगांची व्याप्ती आणि लुकलुकीचा वेग मिळतो. कंपनीने सांगितलेल्या आकड्यापेक्षा मोजलेल्या आकड्यावर विश्वास ठेवावा. मी मोजलेल्या पडद्यांत कोपरे मध्यभागापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांनी मंद असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर प्रत्यक्ष पाहायला गेलात तर पेनड्राइव्हवर स्वतःच्या फायली न्या. दुकानातले सरकते समुद्र आणि पोपट सगळ्याच पडद्यांवर छान दिसतात. आपण जुळवलेले एखादे पान १०० टक्के आकारात उघडा, आपल्या घरातला ज्याचे रंग आपल्याला तोंडपाठ आहेत असा एक फोटो उघडा, आणि एक पूर्ण काळे चित्र उघडून कडांतून प्रकाश गळतो का ते पाहा. चार्जर काढून पाहायला विसरू नका. इंटेल आणि एएमडी दोघांच्याही ग्राफिक्समध्ये बॅटरीवर चालताना चित्रानुसार ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट खालीवर करणारी सोय असते. एएमडीची ‘व्हॅरी-ब्राइट’ चालू असताना चांगला पडदाही धुतल्यासारखा दिसतो, आणि चार्जर लावताच तो एकदम खुलतो. ती बंद करूनच पडद्याविषयी मत बनवावे, आणि रंगांचे काम करताना तर ती कायम बंदच ठेवावी.

आपल्यासाठी माझा कौल स्पष्टपणे दुसऱ्या लॅपटॉपला आहे, मात्र त्याच्या माहितीपत्रकात ४०० निट आणि १००% एसआरजीबी हे दोन्ही आकडे लिहिलेले असतील तरच. काही मॉडेलांत १९२० × १२०० चाच ३०० निट, ४५ टक्क्यांचा पर्यायही त्याच नावाने विकला जातो, तेव्हा खोक्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक माहितीपत्रकाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. तिसऱ्यासाठी लागणारे वरचे पैसे राखून ठेवले तर मुलीला पुढे एखादा २४ इंची, पूर्ण एसआरजीबी दाखवणारा स्वतंत्र मॉनिटर घेता येईल. फोटोंसाठी तो कोणत्याही १४ इंची पडद्यापेक्षा सोयीचा पडेल. लॅपटॉप घरी आणल्यावर वरच्या सगळ्या तपासण्या, विशेषतः काळ्या चित्राची आणि लुकलुकीची, परत करण्याची मुदत संपण्याआधी त्याच टेबलावर, दिवसा एकदा आणि रात्री एकदा करा.